अंधाऱ्या खोलीतली मोरी

१९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु उजेडात टिपलेले चित्र पुढे अंधारात धुवावे लागते, त्याची आठवण फारसे कोणी काढीत नाही. हे काम दादरला, राहत्या घरीच चाले. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकीत. वर फिल्मच्या कडेला भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे हेही त्यांच्याकडेच. आणि चित्र किती? सुमारे ३,७०० फूट!

आता हे धुणे म्हणजे काय? फिल्मवर चांदीचा क्षार असतो. उजेड लागलेला भाग डेव्हलपरने काळा होतो; उरलेला क्षार हायपोत विरघळतो. हायपोचा हा गुण हर्शेलने १८१९ सालीच हेरला होता. १८३९ मध्ये तो फोटो पक्का करण्याच्या कामी आला. पण मग तो हायपोही निघून गेला पाहिजे. मागे राहिला, तर चित्र हळूहळू पिवळे पडते. म्हणजे सारी मदार शेवटी पाण्यावर आणि मोरीवर!

घरातली पितळी परात इथे चालत नाही. वापरलेल्या हायपोतली चांदी पितळेवर चढते, आणि तांब्याचा अंश डेव्हलपर नासवतो. म्हणून जुने फोटोग्राफर लाकडाची मोरी करून घेत. त्यातही साग उत्तम. पांढरकवड्याच्या जंगलाशेजारी राहणाऱ्यांना सागाची थोरवी मी काय सांगावी! कमरेइतक्या उंचीवर फळ्यांची उथळ पेटी, सांध्यांत डांबर, एका बाजूला बोटभर उतार, उताराच्या टोकाला भोक आणि खाली बादली. आत पट्ट्यांची जाळी, म्हणजे रसायनांची ताटे ओलीत बसत नाहीत.

उन्हाळ्यात एवढे पाणी आणायचे कुठून, असे तुम्ही विचाराल. सारखी धार सोडण्याची गरज नाही. हायपोचे पाणी जड, ते तळाशी जाते. तेव्हा भांडे पुरते रिकामे करायचे, पुन्हा भरायचे, थोडे थांबायचे. असे काही वेळा केले की थोडक्या पाण्यात भागते.

गुरुजी, शाळेच्या भिंतीवरचे जुने फोटो एकदा खाली उतरवून पाहा. एक अजून काळाभोर, शेजारचा पिवळा पडलेला. ऊन आणि ओल यांनीही असे होते, हे खरे. पण कित्येकदा फरक एवढाच असतो, की तो फोटो धुतला त्या दिवशी विहिरीला पाणी किती होते.