विषम कोटीचे गट : एका अनुमानाची शतकभराची वाटचाल

काही क्रिया एकत्र घेतल्या, त्यांतली एक करून लगेच दुसरी केली तरी त्यांच्यातलीच एखादी मिळाली, आणि प्रत्येक क्रिया उलटवणारी क्रियाही त्यांच्यातच असली, तर गणिती त्यांना ‘गट’ म्हणतात. समभुज त्रिकोण फिरवून पुन्हा जागच्या जागी बसवण्याच्या तीन रीती हा असाच एक गट. गटातील क्रियांची संख्या म्हणजे त्याची कोटी. ही कोटी विषम आहे, एवढ्यावरून गटाची घडण सांगता येईल का, हा प्रश्न सोडवायला विसाव्या शतकाची साठ वर्षे उलटावी लागली.

प्रश्नाचे मूळ समीकरणांत आहे. 1832 साली, वयाच्या विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात प्राण गमावलेल्या एव्हारिस्ट गाल्वाने प्रत्येक बहुपदी समीकरणाला एक गट जोडून दिला. तो गट पायरीपायरीने साध्या, क्रमनिरपेक्ष तुकड्यांत उलगडत असेल, तरच समीकरणाची उत्तरे मूळचिन्हांनी लिहिता येतात. अशा गटांना ‘उकलनीय’ हे नाव समीकरणांवरूनच पडले. सर्वसाधारण पंचघाती समीकरण अडते, कारण त्याच्या गटात 60 क्रियांचा एक न फुटणारा गट दडलेला असतो.

नॉर्वेच्या सोफुस लीला हीच किमया अवकल समीकरणांत साधायची होती. 1870 च्या युद्धात फ्रान्समध्ये तो जर्मन हेर समजून पकडला गेला. त्याची गणिती टिपणे पोलिसांना सांकेतिक लिपी वाटली. गणिती दार्बूच्या खटपटीने तो सुटला. पुढे त्याने दाखवले, की n कोटीच्या सामान्य अवकल समीकरणाला n परिमाणांचा उकलनीय सममिती-गट लाभला, तर सर्वसाधारणपणे ते एकामागून एक संकलने करून सोडवता येते. मात्र लीचे गट सलग, अनंत क्रियांचे. तिथे सम-विषम हा भेदच नाही.

सांत गटांकडे वळला विल्यम बर्नसाइड. ग्रिनिच येथील नाविक महाविद्यालयातला हा प्राध्यापक आधी द्रवगतिशास्त्रात रमलेला होता. 1904 साली त्याने सिद्ध केले, की कोटीला दोनच मूळ अवयव असतील तर गट उकलनीय असतो. 1911 मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने सुचवले : विषम कोटीचे, न फुटणारे, अक्रमनिरपेक्ष गट बहुधा नसावेतच.

1963 साली वॉल्टर फाइट आणि जॉन थॉम्पसन यांनी ते सिद्ध केले : विषम कोटीचा प्रत्येक सांत गट उकलनीय असतो. म्हणजे परिमेय सहगुणकांच्या ज्या समीकरणाचा गट विषम कोटीचा, ते मूळचिन्हांनी सुटणारच. विधान एका ओळीचे, सिद्धता 255 पानांची. ‘पॅसिफिक जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’चा एक अख्खा अंक तिने व्यापला. सर्व सांत सरल गटांच्या वर्गीकरणाचे प्रचंड काम याच पायावर उभे राहिले.

पण इतकी लांब सिद्धता एकेक ओळ करून किती जण तपासणार? जॉर्ज गोन्थिए यांच्या चमूने सहा वर्षे खपून ती ‘कॉक’ या संगणकप्रणालीला समजेल अशी पुन्हा लिहिली आणि सप्टेंबर 2012 मध्ये तिची प्रत्येक पायरी यंत्राने मान्य केली. सिद्धता सुचली ती माणसांनाच, यंत्रासाठी लिहिलीही माणसांनीच. यंत्राने फक्त पडताळा घेतला. बर्नसाइडच्या सूचनेला तेव्हा 101 वर्षे झाली होती.