पूर्वसूचना गुणांक (सेप्सिसमधील उपयोग)

श्वसन, नाडी, रक्तदाब, तापमान, शुद्ध इत्यादी खाटेजवळच तपासता येणाऱ्या बाबींना ठरावीक गुण देऊन, त्यांच्या बेरजेवरून रुग्णाची प्रकृती ढासळण्याचा धोका ओळखण्याची पद्धत. सेप्सिसची शंका असलेल्या रुग्णांपैकी कोणावर आधी उपचार करायचे, हे ठरवण्यासाठी आपत्कालीन विभागात तिचा उपयोग होतो.

जंतुसंसर्गाला शरीर देत असलेला प्रतिसाद अनियंत्रित होऊन स्वतःच्याच अवयवांचे कार्य बिघडते व जीव धोक्यात येतो, त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. २०१७ साली जगात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण होते व त्याच्याशी निगडित १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज आहे. ताप, धाप, ग्लानी ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात आणि सेप्सिसचे निश्चित निदान करणारी एकच एक चाचणी नाही. म्हणून पहिल्या तासातल्या साध्या नोंदींना मोल आहे.

विकास : ब्रिटनमधील नॉरफक परगण्यातील जेम्स पॅजेट रुग्णालयातील मॉर्गन, विल्यम्स व राइट यांनी १९९७ मध्ये असा गुणांक मांडला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता वेगळा होऊ लागला. हा गोंधळ टाळण्यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ हा राष्ट्रीय गुणांक तयार केला. २०१७ च्या ‘न्यूज-२’ या सुधारित आवृत्तीत नव्याने उद्भवलेल्या संभ्रमालाही गुण देण्यात आले.

गुणदान : न्यूज-२ मध्ये श्वसनाचा वेग, रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध व तापमान यांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात, बाहेरून ऑक्सिजन चालू असल्यास आणखी २ मिळवतात. कमाल बेरीज २० होते. बेरीज ५ किंवा अधिक झाली, तर डॉक्टरांनी तातडीने तपासावे आणि ७ किंवा अधिक झाली, तर अतिदक्षता उपचारांत कुशल पथकाला बोलवावे, असा संकेत आहे. एकाच बाबीत ३ गुण मिळाले, तरी डॉक्टरांना कळवावे लागते.

उदाहरणार्थ, मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी असलेल्या वृद्धेचे श्वसन मिनिटाला २२ (२ गुण), ऑक्सिजन ९५ टक्के (१), वरचा रक्तदाब १०४ (१), नाडी ११२ (२), तापमान ३८.६ अंश सेल्सियस (१) आहे आणि ती पूर्ण शुद्धीवर आहे (०). यातला एकही आकडा एकट्याने घाबरवणारा नाही. बेरीज मात्र ७ होते.

तुलना : २०१६ मध्ये सेप्सिसच्या नव्या व्याख्येबरोबर ‘क्यूसोफा’ हा तीन निकषांचा गुणांक आला : श्वसन २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी आणि शुद्धीत बदल. दोन निकष पूर्ण झाले, तर धोका मानतात. वरील वृद्धेचा एकच निकष पूर्ण होतो, म्हणजे ती या चाळणीतून निसटते. शिकागो विद्यापीठातील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संसर्गाची शंका असलेल्या रुग्णांच्या मृत्यूचे भाकीत करण्यात न्यूज हा क्यूसोफापेक्षा सरस ठरला. सेप्सिसविषयीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही चाळणीसाठी एकट्या क्यूसोफावर विसंबू नये, असे सांगितले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२४ मध्ये सेप्सिसची शंका असलेल्या प्रौढांसाठी न्यूज-२ स्वीकारला; ७ किंवा अधिक गुण असल्यास तासाभरात प्रतिजैविक द्यावे, असे ती सुचवते.

मर्यादा : गुणांक धोका दाखवतो, निदान करत नाही. हृदयविकार किंवा रक्तस्राव यांतही बेरीज वाढते. नाडी मंदावणारी औषधे घेणाऱ्यांत किंवा ताप न येणाऱ्या वृद्धांत ती फसवी कमी राहू शकते. १६ वर्षांखालील मुले व गर्भवती यांना न्यूज-२ लावत नाहीत. रक्तातील लॅक्टेटची पातळी व डॉक्टरांची पारख यांची जोड त्याला द्यावी लागते. एका वेळच्या आकड्यापेक्षा पुनःपुन्हा घेतलेल्या नोंदींचा चढउतार अधिक सांगतो. श्वास पूर्ण मिनिटभर न मोजता अंदाजाने लिहिला, तर बेरीजच चुकते. नोंद अचूक झाली आणि तिच्यावर वेळेत कृती झाली, तरच हा गुणांक रुग्णाच्या उपयोगी पडतो.