पाठीवरची कचेरी

पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. दप्तर हा शब्द फारसीतून आलेला, कचेरीतल्या नोंदवह्यांचा. ती कचेरी पुढे शाळकरी पोरांच्या पाठीवर आली. माझ्या पाठीवर नव्हती. माझी खाकी कापडाची पिशवी एका खांद्याला लोंबायची आणि आत पाटी नि दोन पुस्तकं. 2024च्या जूनमध्ये तिसरीतल्या पुतणीला वजनकाट्यावर उभं केलं. मुलगी 24 किलो, दप्तर साडेचार.

या ओझ्याचा राजकीय इतिहास एका कादंबरीकारापासून सांगता येतो. राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य असलेले आर. के. नारायण 1989 साली सभागृहात बोलले ते दप्तराबद्दल. मुलं पुढे वाकून चालू लागली आहेत, हे त्यांनी नेमकं टिपलं होतं. मागे वजन आलं की शरीराचा तोल मागे जातो. तो सावरायला पोर कंबरेतून पुढे झुकतं आणि समोर बघण्यासाठी मान उचलतं. दप्तर एकाच खांद्यावर असेल तर धड दुसऱ्या बाजूला कलतं.

मग प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1993चा. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजलेल्या अभ्यासाचं ओझं अधिक घातक, असं समितीचं म्हणणं. सरकारांना मात्र किलो सोपे वाटले. (काटा लावता येतो ना!) मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि जुलै 2015मध्ये महाराष्ट्राचा शासन निर्णय आला: दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नको. ऑगस्ट 2016मध्ये चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. पाच ते सात किलोंचं दप्तर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढावं लागतं, ही त्यांची तक्रार. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत सरळ दस्तऐवज तोच.

आणि ते 10 टक्के? 2018 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये 69 अभ्यासांचा आढावा आला. दप्तराच्या वजनाने पाठदुखी होते याचा पटण्याजोगा पुरावा त्यात निघाला नाही. दप्तर जड वाटणं, ते वाहणं अवघड जाणं, याचा मात्र पाठदुखीशी काही संबंध दिसला. म्हणजे काट्यापेक्षा पोराला विचारलेलं बरं. अर्थात म्हणून साडेचार किलो मला चालणार नाहीत. जिना चढताना पुतणी कठड्याला धरून थांबते, ते मी पाहतो.

2023-24पासून बालभारतीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं घातली गेली, वह्या कमी व्हाव्यात म्हणून. जानेवारी 2025मध्ये तो निर्णय मागे घेतला, कारण वह्या येतच राहिल्या. पुतणीच्या दप्तरातही कोऱ्या पानांची पुस्तकं होती. शिवाय सहा वह्या.