पलंगावरचा अलार्म आणि ७५ तासांचं प्रशिक्षण

"डॉक्टर, आईच्या पलंगाला अलार्म बसवून घेऊ का?" वयस्कर आई-वडिलांसाठी घरी मावशी ठेवणारे नातेवाईक हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात. चादरीखाली एक पातळ पट्टी असते. माणूस उठू लागला की पट्टीवरचं वजन जातं आणि अलार्म वाजतो. यंत्र इतकंच. पण अमेरिकेतला त्याचा इतिहास माहीत असला, तर या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं.

तिथे 'नर्सिंग होम' म्हणजे आपल्यासारखं छोटं खासगी रुग्णालय नव्हे. स्वतःचं सगळं स्वतः करू न शकणारे वृद्ध जिथे कायमचे राहतात, ती जागा. १९८० च्या दशकापर्यंत तिथे वृद्धांना पडू नये म्हणून पट्ट्यांनी खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवणं सर्रास चाले. हेतू चांगला होता, पण परिणाम वाईट. बांधलेल्या माणसाचे स्नायू झिजतात, पाठीला जखमा होतात, लघवीवरचा ताबा जातो. पट्टीत अडकून मृत्यूही झाले.

१९८६ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नर्सिंग होममधल्या सेवेच्या दर्जावर अहवाल दिला आणि १९८७ मध्ये संसदेने कायदा केला. सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून कुणालाही बांधायचं नाही, असं त्यात ठरलं. सेवा करणाऱ्या सहायकांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. पुढे नियमांत असंही आलं, की त्यातले १६ तास रुग्णाला हात लावण्यापूर्वीच पूर्ण व्हायला हवेत. संवाद, संसर्ग टाळणं, रुग्णाचे हक्क हे विषय त्या १६ तासांत होते. पट्ट्या कमी होत गेल्या आणि त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी अलार्मने घेतली.

अलार्म वाजला की धावायचं, हे सगळ्यांना कळत होतं. पण वाजतो तेव्हा माणूस आधीच उठलेला असतो. शिवाय तो का उठला, हे यंत्र सांगत नाही. लघवीला जायचं असेल, कंबर दुखत असेल, भूक लागली असेल किंवा नुसता कंटाळा आला असेल.

मग कर्मचाऱ्यांना अलार्म वापरायला नीट शिकवलं तर? अमेरिकेतल्या एका रुग्णालयात हे करून पाहिलं गेलं. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ वॉर्ड, २७ हजारांहून अधिक रुग्ण. निम्म्या वॉर्डांत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि तांत्रिक मदत दिली. अलार्मचा वापर कितीतरी पटींनी वाढला. पडण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही. म्हणजे प्रशिक्षण यशस्वी झालं, पण शिकवलेली गोष्ट अपुरी होती.

तोवर नर्सिंग होममध्येही शंका वाढल्या होत्या. अलार्म वाजेल या भीतीने काही वृद्ध कूस बदलायलाही कचरत. आवाजाने शेजाऱ्यांची झोप मोडे. २०१७ मध्ये सरकारी तपासनिसांच्या मार्गदर्शक सूचनांत नोंद आली, की माणूस हलायलाच घाबरत असेल तर असा अलार्मही बांधून ठेवण्यासारखाच ठरू शकतो. तीस वर्षांत पट्टी गेली, यंत्र आलं आणि प्रश्न पुन्हा तिथेच आला.

म्हणून माझं उत्तर असं: अलार्म हवा तर जरूर बसवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मावशींना बटण दाखवता तसं हेही सांगा, की अलार्म वाजला की 'उठू नका' म्हणण्याऐवजी 'काय हवंय?' असं विचारायचं. वाजण्याची वेळ आणि कारण आठवडाभर वहीत लिहायला सांगा. रोज पहाटे चारला लघवीसाठीच वाजत असेल, तर पावणेचारला आईंना हात धरून बाथरूमला न्या. ती वही पुढच्या तपासणीला माझ्याकडे आणा. त्या वहीवरून औषधाची वेळ बदलावी लागेल का, हेही मला कळेल.