दंतरोपण नियोजनातील डिजिटल स्कॅनची अचूकता

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा इम्प्लांट बसवण्यापूर्वी संगणकावर दोन प्रतिमा एकमेकींवर बसवतात. सीबीसीटी या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमधून हाड आणि त्यातील नसेचा मार्ग दिसतो, तर तोंडात फिरवायच्या स्कॅनरमधून दात व हिरडीचा पृष्ठभाग मिळतो. या जुळणीवरून इम्प्लांटची जागा, खोली व कल ठरतो आणि ड्रिलला वाट दाखवणारा सर्जिकल गाइड छापला जातो.

अचूकतेत दोन गोष्टी येतात. माप खऱ्या मापाच्या किती जवळ आहे ती यथार्थता. पुन्हा पुन्हा घेतल्यावर तेच येते का, ही सुसंगतता. रोज तेवढाच काटा मारणारा तराजू सुसंगत असतो, यथार्थ नसतो. जाहिरातीतला मायक्रॉनचा आकडा यांपैकी कशाचा, हे आधी पाहावे.

तोंडातील स्कॅनरची कल्पना फ्रान्सच्या फ्रान्स्वा द्युरे यांनी 1973 मध्ये मांडली. झुरिकमध्ये मोरमान व ब्रँडेस्टिनी यांचे सेरेक यंत्र 1985 मध्ये रुग्णावर वापरले गेले. आजही स्कॅनरच्या टोकाला एका वेळी जबड्याचा लहानसा तुकडाच दिसतो. गोधडीसारखे हे तुकडे जोडत जाताना प्रत्येक सांध्यात किंचित चूक राहते आणि एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकाच्या दाढेपर्यंत ती साचते. एक-दोन दातांपुरते स्कॅन साच्याने घेतलेल्या नेहमीच्या मापाच्या तोडीचे ठरते. पूर्ण दंतहीन जबड्यात मात्र ओल्या, गुळगुळीत, हलत्या हिरडीवर सॉफ्टवेअरला खुणेसाठी फारसे काही सापडत नाही. म्हणजे जिथे गरज मोठी, तिथेच यंत्र लंगडे. अशा वेळी बसवलेल्या इम्प्लांटच्या जागा टिपण्यासाठी फोटोग्रामेट्री, म्हणजे छायाचित्रांवरून जागा मोजण्याची पद्धत, अधिक भरवशाची.

चूक यंत्राचीच असते असेही नाही. बसवलेल्या इम्प्लांटचे माप घेताना त्यावर स्कॅन बॉडी नावाची छोटी खुंटी पिळतात. तिच्याखाली हिरडीची कड अडकली, तर स्कॅनर चुकीची जागाच इमानेइतबारे नोंदवतो आणि त्यावरून बनवलेला दात नीट बसत नाही. नैसर्गिक दाताभोवतीचा तंतुबंध थोडे सांभाळून घेतो. इम्प्लांट थेट हाडाला जखडलेला असल्याने घट्ट न बसणाऱ्या जोडणीचा ताण स्क्रूवर आणि हाडावर येतो.

सीबीसीटीत रुग्ण हलला किंवा धातूच्या कॅपमुळे प्रतिमेत पट्टे उमटले, तर दोन्ही प्रतिमांची जुळणी सरकते. पुढे गाइडची छपाई, त्याची बैठक, ड्रिलची ढिलाई यांच्या चुका मिळतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात गाइड वापरूनही इम्प्लांट नियोजित जागेपासून हाडात शिरण्याच्या जागी सरासरी 1.2 मिमी, खोलवरच्या टोकाशी 1.4 मिमी आणि कलात सुमारे 3.5 अंश सरकलेले आढळले. सरासरी म्हणजे काही त्याहून जास्तच. म्हणून खालच्या जबड्यातील नसेपासून किमान 2 मिमी अंतर राखण्याचा प्रघात आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी गाइड दातांवर ठेवून त्याच्या छोट्या खिडक्यांतून तो पूर्ण टेकला आहे का, हे दंतवैद्य नुसत्या डोळ्यांनी पाहतात. फट दिसली तर ड्रिल सुरू करत नाहीत.