मोक्षपटाची शिकवण

मुले खेळावयास बसली की घरातील वडीलधारी माणसे त्यांना पुस्तक हाती घेण्यास सांगतात. खेळ आणि विद्या ही एकमेकांची शत्रू आहेत, असे या सांगण्यात गृहीत धरलेले असते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. ज्या पश्चिम भारतातून आपले पूर्वज मॉरिशसला आले, त्याच मुलखात एक संपूर्ण धर्मविचार खेळाच्या पटावर मांडलेला होता. त्या पटाची रचना कशी होती, पुढे तिचे काय झाले आणि आपल्या मराठी वर्गांना तिच्यापासून काय घेता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा पट म्हणजे मोक्षपट. त्यालाच ज्ञानचौपड असेही नाव आहे. महाराष्ट्रातील परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरमहाराजांना देते. आज जे जुने पट पाहावयास मिळतात ते अठराव्या शतकापासूनचे आहेत. जैनांच्या पटावर बहुधा ८४ घरे असत, तर वैष्णवांच्या एका प्रचलित पटावर ७२. प्रत्येक घराला नाव असे. कवड्यांचे किंवा फाशांचे दान टाकून सोंगटी पुढे न्यावयाची, सद्गुणाच्या घरी शिडी लाभावयाची आणि दुर्गुणाच्या घरी साप गिळावयाचा, ही आपल्या ओळखीची सापशिडीच होय.

परंतु त्या ७२ घरांच्या पटाकडे बारकाईने पाहावे. चोविसावे घर कुसंगाचे आणि त्याला लागूनच पंचविसावे सुसंगाचे. दोहोंमध्ये एका दानाचे अंतर. मात्र कुसंगाचा साप सोंगटीला थेट सातव्या घरी, मदाकडे नेतो. सदतिसाव्या घरची ज्ञानाची शिडी सहासष्टाव्या घरापर्यंत पोचते, आणि चोपन्नाव्या घरची भक्तीची शिडी अडुसष्टाव्या घरी म्हणजे वैकुंठात नेऊन सोडते. दान नेमके न पडल्यामुळे वैकुंठ ओलांडून सोंगटी पुढे गेली, तर शेवटच्या बहात्तराव्या घरी तमोगुणाचा साप बसलेला आहे. तो तिला एकावन्नाव्या घरी, पुन्हा पृथ्वीवर आणतो. येथे कोणी कीर्तनकार बोलत नाही, कोणी गुरुजी छडी उगारीत नाहीत. सोंगटी घसरते आणि घसरण्याचे कारण त्या घरावरच लिहिलेले असते. नियम हाच येथे शिक्षक आहे.

युरोपातही त्याच शतकात असे प्रयत्न झाले. १७५९ साली लंडनमध्ये जॉन जेफरीज याने युरोपच्या प्रवासाचा एक पट प्रसिद्ध केला. नकाशावर ७७ ठिकाणे, आणि शेवट लंडनला. फासे जुगाराचे साधन मानले जात, म्हणून अंक लिहिलेली भिंगरी बोटांनी फिरवावयाची. हॅनोव्हरला पोचणाऱ्या खेळाडूला जिब्राल्टरला धाडले जाई, कारण इंग्लंडचा राजा हॅनोव्हरचाही अधिपती होता आणि जिब्राल्टरला इंग्रजांची शिबंदी होती. मुलाला भूगोल पाठ करावा लागत नसे. आपली सोंगटी कोठे गेली आणि का गेली, हे समजून घेता घेता तो अंगवळणी पडे.

१८९० नंतरच्या दशकात आपली सापशिडी इंग्लंडच्या बाजारात आली. तेथे मोक्ष गेला आणि त्याच्या जागी त्या काळचे इंग्रजी सद्गुण आले. उद्योग आणि काटकसर यांच्या शिड्या यशाकडे जाऊ लागल्या. आळसाचा साप दारिद्र्यात नेऊ लागला. पुढे १९४३ साली अमेरिकेत निघालेल्या पटावर सापही राहिले नाहीत, घसरगुंड्या आल्या. बहुतेक पटांवरील नावे कालांतराने पुसली गेली व केवळ आकडे उरले. पट तोच, दान तेच. परंतु घराला नाव नसल्यामुळे सोंगटी का पडली हे मुलाला कळेनासे झाले. खेळ राहिला आणि विद्या निघून गेली.

आज शाळांमधून खेळाच्या रीतीने शिकविण्याचा पुष्कळ पुरस्कार होतो. गुण, तारे, पदके, वरचा क्रमांक यांची त्यात रेलचेल असते. येथे एक सावधगिरी अवश्य आहे. अमेरिकेतील लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्या बालकांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांपैकी काहींना चित्राबद्दल प्रशस्तिपत्रक देण्याचे आधी कबूल करून ते दिले. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तेव्हा हीच मुले इतरांहून कमी चित्रे काढताना आढळली. बक्षीस बाहेरून टांगले की मन बक्षिसाकडे लागते, आणि बक्षीस संपताच काम सुटते. मोक्षपटाने असे केले नाही. त्यातील शिडी हे बक्षीस नव्हते. तो पाठाचाच भाग होता.

आपल्या मराठीच्या बाबतीत ही गोष्ट जिव्हाळ्याची आहे. मुलांच्या ओठी घरीदारी क्रियोल असते. मराठी जर केवळ परीक्षेच्या गुणांसाठी शिकविली, तर परीक्षेच्या दिवशीच तिचा निरोप घेतला जाईल. म्हणून माझ्या वर्गात आम्ही एक नवा पट आखला, आणि त्याला प्रवासपट असे नाव दिले. आरंभीचे घर कोकणातील गाव, पुढे मुंबई बंदर, मग समुद्र, आणि मग पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या.

पट आखताना एक प्रश्न उभा राहिला, आणि तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. सापांना नावे कोणती द्यावीत? मोक्षपटात माणूस आपल्या दुर्गुणाने पडतो. आमचे पूर्वज कशाने पडले? कामावर एक दिवस न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ती ‘डबल कट’ची रीत होती. १८६७ च्या कायद्याने करार पुरा केलेल्या माणसालाही छायाचित्राचे तिकीट व पास जवळ बाळगावा लागे, नाहीतर भटक्या ठरवून पकडण्यात येई. इंग्रजी पटावरील आळसाचा साप मळेवाल्यांच्या तोंडीही होताच. मजूर आळशी आहेत असे ते म्हणत. म्हणून आमच्या पटावर सापाच्या तोंडी दुर्गुणाचे नाव नाही. तेथे कायद्याचे नाव आणि साल आहे. मूल घसरते, वाचते आणि आपणहून विचारते, यात त्याचा अपराध कोणता?

शिड्याही तशाच आहेत. १८७१ साली आडोल्फ द प्लेव्हित्झ यांच्या साहाय्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला. त्याचा परिणाम होऊन १८७२ साली चौकशी करणारे शाही आयोग येथे आले. ही शिडी एकट्याला चढता येत नाही. तीन सोंगट्या त्या घरी जमल्या, म्हणजेच ती उघडते. पुढे गेलेली मुले मागच्यासाठी थांबतात, आणि त्याला कोणते दान हवे ते मराठीतच ओरडून सांगतात. घरावरील वाक्य मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगितल्यावाचून सोंगटी हलत नाही. बक्षीस कोणालाच नाही.

पूर्वजांच्या घामाचा खेळ करू नये, असे एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला सांगितले. त्यांची भावना आदरणीय आहे. परंतु ज्या लोकांनी मोक्षासारखा गंभीर विषय पटावर मांडला, त्यांनी त्याची थट्टा केली नव्हती. तो मुलांच्या हाती दिला होता. दुःखाच्या आठवणी पेटीत बंद ठेवल्या, तर त्या पेटीबरोबरच जीर्ण होतील.

प्रवासपटावरील काही घरे आम्ही मुद्दाम कोरी ठेवली आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांच्या नोंदी जतन केलेल्या आहेत, आणि पुष्कळांच्या घरी जुने कागद असतील. आपल्या आजोबा-पणजोबांचे गाव, जहाज, आप्रवास क्रमांक यांपैकी जे हाती लागेल ते मुलांना शोधू द्यावे आणि त्यांच्याच हाताने, मराठीत, त्या घरांत लिहू द्यावे, एवढीच सर्व कुटुंबांना नम्र विनंती.