गाठ कमी झाली, पण किती?

कसारा लोकलमध्ये खिडकी मिळाली असेल किंवा मुरबाड-कल्याण एसटीत उभे असाल, आजचा भाग जरा नीट ऐका. कारण याच गाड्यांमधून आपल्या भागातल्या कितीतरी बाया पिशवीत रिपोर्टची फाईल घेऊन परळला जातात. शहापूर-मुरबाडकडे 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. स्तनाच्या कॅन्सरवर केमो सुरू होते आणि घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: औषध लागू पडतंय का? या प्रश्नाचं उत्तर आकड्यात कसं द्यायला लागलो, त्याचा हा इतिहास.

आधी हेच बघू, की आकडा हवाच कशाला? केमो म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी एक फेरी. केस जातात, तोंडाला चव राहत नाही, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. औषध लागू पडत असेल तर हे सगळं सोसायचं. पण पडतच नसेल, आणि ते चार महिन्यांनी कळलं, तर? गेलेले महिने परत येत नाहीत.

पूर्वी डॉक्टर बोटांनी गाठ चाचपायचे आणि पट्टीने मापायचे. हे माप किती भरवशाचं, ते 1976 साली चार्ल्स मोर्टेल आणि जेम्स हॅन्ली यांनी तपासलं. त्यांनी 12 घट्ट गोळे फोमच्या गादीखाली ठेवले आणि 16 अनुभवी कॅन्सरतज्ज्ञांना वरून चाचपून मापायला सांगितलं. गोळे काही वाढत नव्हते की घटत नव्हते, तरी मापं डॉक्टरागणिक बदलली. एकाच डॉक्टरचं दुसऱ्या वेळचं मापही वेगळं आलं. 25 टक्के घट म्हणजे 'गुण आला' असं धरलं, तर कितीतरी वेळा गुण न येताच आला म्हणावं लागलं असतं. 50 टक्क्यांची अट ठेवली की ही चूक बरीच कमी व्हायची. जागतिक आरोग्य संघटनेने 1979 साली नियम ठरवले तेव्हा गाठीची लांबी गुणिले रुंदी निम्म्याने घटली तरच 'प्रतिसाद' असं धरलं.

आता गंमत बघा. त्याच 1976 साली, ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेत दुसरीच एक गोष्ट घडली. ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तयार केलेली किरणोत्सर्गी साखर विमानाने फिलाडेल्फियाला नेली आणि पहिल्यांदा माणसाला टोचली. तिचं नाव एफडीजी. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, हे ओटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकातच दाखवलं होतं. एफडीजी पेशीत साखरेसारखीच शिरते, पण पुढे पचत नाही, तिथेच अडकते. तिच्यातल्या फ्लोरिनमुळे निघणारे किरण पेट स्कॅनर टिपतो. म्हणजे गाठ किती मोठी आहे, याच्या जोडीला ती किती 'खातेय' हेही दिसायला लागलं.

विमान कशाला लागलं? कारण हे फ्लोरिन दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. दोनदा 110 मिनिटं, म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं गेली की उरतो चौथा हिस्सा. साठवून ठेवायची सोयच नाही. म्हणून पेट सेंटर हे साखर बनवणाऱ्या सायक्लोट्रॉनपासून फार लांब असून चालत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून परळला, टाटा हॉस्पिटलच्या आवारात आहे. देशातला पहिला पेट स्कॅनर 2002 साली तिथेच बसला. तानसा-भातसाचं पाणी पाइपातून मुंबईला पोचतं, तसं हे औषध उलट वाटेने आपल्या तालुक्यात आणून ठेवता येत नाही. माणसालाच जावं लागतं.

आणि आकडा? त्याला एसयूव्ही म्हणतात. शेतीच्या भाषेत सांगतो. भाताच्या खाचरात युरिया सगळीकडे सारखा पडला, तर प्रत्येक कोपऱ्याचा हिशेब 1. एखाद्या कोपऱ्यात आठपट साचला, तर तिथला आकडा 8. शरीराचं वजन म्हणजे खाचर, टोचलेली मात्रा म्हणजे युरिया. केमोआधी गाठीचा आकडा 8 होता आणि नंतर 4 झाला, तर 50 टक्के घट.

1993 साली रिचर्ड वाल आणि सहकाऱ्यांनी स्तनाचा कॅन्सर असलेल्या 11 स्त्रियांवरचा अभ्यास छापला. ज्यांना पुढे गुण आला, त्यांच्या गाठीचं साखर ओढणं आठव्या दिवशीच घटलेलं होतं. गाठ तेव्हा मापात लहान झालेलीही नव्हती! पुढे 1999 साली युरोपातल्या तज्ज्ञांनी आणि 2009 साली वाल यांनीच 'पर्सिस्ट' नावाने नियम बांधले. पर्सिस्टमध्ये निदान 30 टक्के घट हवी.

पण दोन आकड्यांची तुलना करायची, तर दोन्ही वेळा सगळं सारखं हवं. तेवढाच उपास, रक्तातली साखर आटोक्यात, टोचल्यावर साधारण तासभर शांत बसणं, शक्यतो तेच मशीन. मुरबाडहून पहाटे निघालेल्या मावशींनी वाटेत गोड चहा घेतला, तर आकडा बिघडू शकतो. म्हणून 'उपाशी या' म्हटलं की नुसता नियम समजू नका. मागच्या स्कॅनची किंमत त्यावर अवलंबून असते. जुना रिपोर्ट आणि सीडी जपून ठेवा, तेही याचसाठी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पेट प्रत्येकीला लागत नाही. स्तनाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये तपासणारा हात, मॅमोग्राफी, सोनोग्राफी यांवरच बरंचसं भागतं. काही गाठी साखर कमीच ओढतात, आणि सूज असली तरी स्कॅन उजळतो. कोणती तपासणी कधी, हे डॉक्टरच ठरवतील.

आणि ज्या हाताला 1976 साली गादीने चकवलं, तो हात निकामी ठरलेला नाही. टाटा हॉस्पिटलने 1998 पासून मुंबईत दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. 2021 साली निकाल छापून आला: गाठी आधीच्या टप्प्यात सापडल्या आणि 50 वर्षांपुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. गाठ किती घटली हे नेमकं मापायला हात कमी पडतो, पण गाठ वेळेत शोधायला तो पुरतो. आणि त्याला ना सायक्लोट्रॉन लागतो, ना 110 मिनिटांची घाई.

तेव्हा हा भाग आईला, काकूला, वहिनीला ऐकवा. गाठ दुखत नाही म्हणून कुणी गप्प बसली असेल, तर तिला याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात घेऊन जा. भेटू पुढच्या भागात!